पाटील येऊन राहिला!

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं कुणाचा गैरसमज व्हायला नको. पाल, गाय (शिंगं असलेली), विहिरीचा काठ, विजेचा खटका, अंधार आणि अंधारात उभी असलेली गाय, या सगळ्यांना मी भितो. उंचीला तर इतका भितो की पलंगावर भिंतीकडूनच निजतो. आमच्या अमरावतीत मालटेकडी आहे. टेकडी कसली, म्हातारी माणसं जेवण जिरवायला तिच्यावर चढतात! मी एकदा चढलो होतो. उतरताना एका पेन्शनर गृहस्थांनी मला हाताला धरून खाली आणलं.

अशा माणसाचं लग्न जुळवायला त्याला चिखलदऱ्याच्या कड्यावर उभा करायचा, ही कल्पना माझ्या मामाची.

सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची गोष्ट. मी कचेरीत रेकॉर्डरूमला कारकून होतो. वडील लवकर गेले, घरात मी आणि माय. तीन ठिकाणी माझं लग्न जुळता जुळता मोडलं होतं. एका ठिकाणी तर पोहे खाताना पाल पडली आणि मी पाटासकट उठलो. ('पाटासकट' हा शब्द अलंकार नाही. धोतर पाटाच्या खिळ्यात अडकलं होतं.)

मग अकोल्याला जुन्या शहरात एका लग्नाला गेलो असताना मांडवात बैल घुसला. लोक ओरडत सैरावैरा धावले. मी बुंदीच्या कढईमागं होतो, तिथून मला सगळं नीट दिसलं. हिरव्या लुगड्यातली एक मुलगी पुढं झाली, तिनं बैलाची वेसण धरली आणि म्हणाली, "चाल बावा, तुले कोनं बलावलं इथी?" बैल मान खाली घालून तिच्यामागं चालू लागला. त्या क्षणी मला त्या बैलाचा हेवा वाटला. लाजायचं कशाला, कढईमागं बसल्या बसल्या मी तिच्यावर भाळलो.

मामानं चौकशी केली. मुलगी हिवरखेडच्या पाटलांची एकुलती एक, नाव विमल. (आमच्या घरी मात्र पाटलांना 'पाटील' असं कुणी म्हटलं नाही. आमच्याकडची रीत गावावरून बोलायची, तेव्हा ते 'हिवरखेडवाले'. पण ते पाटील, हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही, म्हणून पुढचं सगळं झालं.)

हिवरखेडवाल्यांचा निरोप आला. मामानं तो तोंडपाठ म्हणून दाखवला. "पाटावर बसलेला पोरगा पाहून मले काय करायचं? माया वावराच्या मागं सातपुडा हाये. रानडुकरं येते, कधीमधी बिबट्या येते. जावई धीट पाहिजे. भेतरा असन तं आताच सांगा."

"मंग तू काय सांगतलं मामा?" मी विचारलं.

"सांगतलं, आमचा गुलाब दर रविवारी चिखलदऱ्याले जाते. कडे चढते, दऱ्या उतरते. त्याले घरात गमतच नाई!"

"मामा!"

"ते म्हंतात, मंग तठीच पाहू पोराले. सोमवारी देवीले येऊन राहिलेत थे, पोरगीले घेऊन. दुपारच्या बसनं." मामानं बिडी पेटवली. "तुले काई करा लागत नाई. पंचबोलच्या कड्यावर उभा राहाजो, एक पाय गोट्यावर, नजर दरीत. मी वळणावर उभा राहातो. ते आले का हाक मारतो. बाकी तोंड उघडू नोको."

श्रावणी सोमवारी पहाटेच्या बसनं आम्ही तिघं निघालो. मामा पुढं ड्रायव्हरजवळ बसला आणि परतवाड्यापर्यंत त्याच्याशी गप्पा हाणत राहिला. माय आणि मी मागं, मायच्या मांडीवर दशम्यांची टोपली. परतवाडा सोडून बस घाटाला लागली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही! मी डोळे मिटून मायचा दंड धरला.

"माय, इथी वाघ असतात कावं?"

मायनं माझ्या तोंडावर हातच ठेवला. "नाव घेऊ नोको! रानात त्याचं नाव घेतलं का थो येते. ज्याचं भेव वाटते त्याचं नाव घेऊ नाई."

"मंग काय म्हनाव?"

"पाटील म्हनाव. माया माहेरी असंच म्हंतात. पाटील आला, पाटील गेला."

"बरं," मी म्हणालो, "पाटील असतात का इथी?"

"असतात," माय म्हणाली, आणि पदरानं घाम पुसला.

पुढं बसलेल्या मामाच्या कानावर यातलं अक्षरही पडलं नाही.

वर पोचलो तर धुकं इतकं दाट की माझा हात मला दिसत होता, पण तो माझाच आहे याची खात्री वाटत नव्हती. दुपारला वेळ होता. माय म्हणाली, आधी देवीचं दर्शन घेऊ. मामा चहाच्या टपरीवर बसला, आम्ही दोघं देवीच्या गुहेत उतरलो.

गुहा म्हणजे मला न आवडणाऱ्या सगळ्या गोष्टी एकाच जागी. अंधार, ओल, वरून टपटप पाणी आणि मागं फिरायला जागा नाही. माय पुढं हात जोडून म्हणत होती, "माय अंबामाय, माया पोराले धीट कर वं, निदान आजच्या दिवस." तेवढ्यात माझ्या मानेवरून काहीतरी थंडगार, वळवळत, शर्टाच्या आत उतरलं.

"साप! माय, साप!"

मी उठलो. गुहेचं छत तिथं होतंच. कपाळ त्याच्यावर आपटलं. बाहेर आलो तेव्हा कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ होतं, आणि सापाचं म्हणाल तर तो शर्टातून खाली ठिबकत होता.

बाहेर एक गवळी दुधाची चरवी घेऊन उभा होता. माझं कपाळ पाहून त्याला दया आली असावी. म्हणाला, "सम्हल के जाना भैया. पाटील दो दिन से इधरच घूम रहा. परसो रातकू बछड़ा उठा ले गया."

मायनं माझ्याकडं पाहिलं. मी मायकडं पाहिलं. म्हणजे इथंसुद्धा त्याला पाटीलच म्हणतात!

"माय, घरी जाऊ. मी बिनलग्नाचाच राहातो."

"गुपचूप चाल," माय म्हणाली, पण तिचाही आवाज चिरकला होता.

पंचबोलला का जायचं, तर तिथं कड्यावरून हाक मारली की समोरच्या डोंगरांतून ती पाच वेळा परत येते. लोक मौजेनं तिथं नावं पुकारतात. आम्ही पोचलो तेव्हा दहा-साडेदहा झाले असतील. "बस याले टाइम हाये, तालीम करून घ्या," असं सांगून मामा बिडी ओढायला खालच्या वळणावर गेला. (मायसमोर तो ओढत नसे. मोठी बहीण ना!)

तालीम सुरू झाली. मी कड्यापासून वीस पावलांवर उभा राहिलो.

"पुढं सरक," माय म्हणाली.

"इथून दरी दिसते ना."

"धुकं दिसते. पुढं सरक!"

शेवटी तडजोड झाली. मी कड्यापासून आठ पावलांवर, एक पाय गोट्यावर ठेवून, नजर दरीत (डोळे मिटलेले), आणि मागं धरलेल्या हातात मायच्या पदराचं टोक. पदराच्या दुसऱ्या टोकाला माय, टोपलीजवळ बसलेली. हिवरखेडवाले आले की पदर सोडायचा, असं ठरलं.

आणि तेवढ्यात खालून, धुक्यातून, मामाची आरोळी आली. "गुलाब! पाटील येऊन राहिला रे!"

मागोमाग डोंगर बोलले. येऊन राहिला रे! राहिला रे! राहिला रे! उजवीकडून, डावीकडून, समोरून, वरून, खालून! पाच पाटील, पाच दिशांनी! आणि मग तो आवाज आला. खालच्या चढावर काहीतरी गुरगुरत होतं. थांबायचं, दम घ्यायचं, पुन्हा गुरगुरायचं.

"माय, ऐकून राहिली?"

"ऐकून राहिली," माय पुटपुटली. "माय अंबामाय."

मामा पुन्हा ओरडला, "एकला नाई! पाटलीणबाई बी हाये संगं!"

मादी! मी पदर गच्च धरला.

"आन पोरगी बी हाये!"

पिल्लू! पिल्लू बरोबर असलेली मादी सगळ्यात वाईट, हे मी कुठंतरी वाचलं होतं. कुठं ते आठवेना. आठवायला वेळही नव्हता, कारण मामाची शेवटची आरोळी आली, आणि ती मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"सकाळपासून उपाशी हायेत म्हंतात! लवकर कर!"

उपाशी हायेत! उपाशी! उपाशी! डोंगरांनी पाचही वेळा सांगितलं.

तुम्ही म्हणाल, अरे शहाण्या, पाटील, पाटलीण आणि पोरगी म्हटल्यावर तुला कळू नये? आज मलाही तसंच वाटतं. पण आज मी आरामखुर्चीत बसलोय. आणि हिवरखेडवाले तर दुपारच्या बसनं येणार होते! कुणाची तरी जुनी जीप मागून ते सकाळीच निघाले, वळणावर रस्ता विचारायला थांबले, समोर मामा उभा होता आणि तोंडासमोर तो त्यांना 'पाटील'च म्हणाला, हे मला कुठून कळणार?

धुक्यात दोन पिवळे डोळे दिसले. मी पदर सोडला.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. आठवतं ते इतकंच, की मी जांभळाच्या झाडावर होतो. जन्मात कधी झाडावर न चढलेला मी, धोतरासकट, दोन माणसांच्या उंचीवर, फांदीला मिठी मारून! आणि माय खाली होती, हे माझ्या वर गेल्यावर लक्षात आलं.

"माय! हालू नोको! थो हाललेल्यालेच धरते!" मी वरून मार्गदर्शन केलं.

माय पळाली नाही. तिनं डोक्यावर पदर घेतला, डोळे गच्च मिटले, टोपलीतून एक दशमी काढली आणि त्या पिवळ्या डोळ्यांसमोर धरली. "पाटील," माय म्हणाली, "हे खाऊन घ्या. मले न्यायचं तं न्या. पन माया पोराले काई करू नोका. त्याचं अजून लग्न व्हायचं हाये."

गुरगुर थांबली. दार वाजलं. धुक्यातून पांढरं धोतर, काळा कोट आणि मोठाल्या मिशा पुढं आल्या.

"काई नाई करत बाप्पा," मिशा म्हणाल्या, आणि मायच्या हातातली दशमी घेतली. "लय भूक लागली होती. पन पोरगा कुठी हाये?"

मायनं एक डोळा उघडला. मग दुसरा. मग बोट वर केलं.

पाटलांनी वर पाहिलं. त्यांच्यामागून हिरवं लुगडं पुढं आलं, तिनंही वर पाहिलं. (पाटलीणबाईंना घाट लागला होता, त्या जीपमध्येच पदरात तोंड खुपसून बसल्या होत्या. त्यांनी तेवढं पाहिलं नाही, ही देवीची कृपा.) तेवढ्यात मामा धापा टाकत पोचला, त्यानंही पाहिलं, आणि एक क्षण न दवडता म्हणाला, "पाहा पाटील! सांगतलं होतं ना? घडीभर जमिनीवर राहात नाई पोरगा!"

"उतर म्हना मंग."

मी खाली पाहिलं आणि फांदीला आणखी बिलगलो. जांभळाची फांदी कच्ची असते. ती कुरकुरली.

"उतरता येत नाई," मी म्हणालो.

"मंग चढलास काहून?"

मामा खालून डोळे वटारत होता. पण माणूस फांदीला लटकलेला असला की त्याला खोटं सुचत नाही.

"मले वाटलं वाघ येऊन राहिला!"

वाघ येऊन राहिला! वाघ येऊन राहिला! डोंगर सुरू झाले.

"अरे नाव घेऊ नोको!" माय खालून ओरडली.

मग मायनं सगळं सांगितलं. रानात त्याला पाटील म्हणायचं ठरलं होतं, मामाला ते माहीत नव्हतं, गवळी असं असं म्हणाला. मीही वरून माझं सांगून टाकलं. मी दर रविवारी कुठंच जात नाही, मालटेकडीवरून मला हाताला धरून उतरवलं होतं, आणि अकोल्याच्या लग्नात बुंदीच्या कढईमागं मीच होतो. मामा खाली बसला आणि त्यानं डोकं धरलं.

पाटलांच्या मिशा हलायला लागल्या. "म्हंजे माया नावानं पोरगा झाडावर चढला? अवं, गावात मले लहान पोरं भेत नाईत! घरात तं बोलूच नोका!" ते पोट धरून हसले. हसता हसता डोळे पुसले. आणि मग त्यांचा चेहरा गंभीर झाला. "पन पोरगा भेतरा हाये. हे जमाचं नाई मामासाहेब. माया वावरात याले कोन सांभाळन?"

संपलं, मला वाटलं. चौथी खेप. आणि या वेळी मुलगी मला आवडली होती. मी फांदीवर कपाळ टेकवलं, टेंगूळ ठणकलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते टेंगळामुळं आलं असं मी पुढं सगळ्यांना सांगत आलो. ते खरं नाही.

विमलनं लुगड्याचा ओचा खोचला आणि झाडाच्या बुंध्याशी आली. दोन पावलं वर चढली, माझी टाच पकडून एका खोबणीत ठेवली. "इथी पाय. डोळे मिटा. आता दुसरा." बैलाशी बोलली होती त्याच आवाजात. मी मान खाली घालून ऐकलं. अर्ध्यावर आल्यावर ती थांबली.

"भेले ते ठीक हाये," ती हळूच म्हणाली. "भेव कोनालेबी वाटते. पन मायले खाली टाकून पळाले, हे बरं नाई केलं."

जन्मभरात मला पुष्कळ लोकांनी पुष्कळ बोललं. इतकं कुणाचं लागलं नाही.

"नाई केलं बरं," मी म्हणालो.

"पुढं असा वखत आला तं मलेबी टाकून पळसान?"

मी विचार केला. धीटपणाचं वचन देण्यात अर्थ नव्हता. मी पळणार हे मला माहीत होतं.

"पळीन तं खरं," मी म्हणालो, "पन तुमचा हात धरून पळीन!"

हे मी घाबरून जरा मोठ्यांदाच बोललो. हात धरून पळीन! पळीन! पळीन! सगळ्या चिखलदऱ्यानं पाच वेळा ऐकलं. मामानं डोक्यावरचे हात काढले.

विमल खाली उतरली, लुगडं झटकलं आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, डुकरं मी आजवर हाकलत आली, पुढंबी हाकलीन. ज्याले भेव वाटते थो मानूस दुसऱ्याच्या आंगावर हात टाकत नाई. जावई याईलेच करा."

पाटलांनी मायकडं पाहिलं. मायनं टोपली पुढं सरकवली. "आंदी जेवून घ्या," ती म्हणाली. कड्याजवळ, धुक्यात, सगळ्यांनी दशम्या आणि ठेचा खाल्ला. मी जांभळाच्या बुंध्याला पाठ लावून बसलो होतो, एक हात बुंध्यावर, एक मायच्या पदरावर.

मार्गशीर्षात लग्न झालं. विमल घरात आली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढून तिनं मला हाक मारली, "गुलाब! पाणी तापलं!"

माय हबकलीच. त्या काळी नवऱ्याचं नाव घेणारी बाई आमच्या आळीत काय, जिल्ह्यात नसेल! "अवं सूनबाई, आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाईत!"

"आत्याबाई," विमल फुंकणी खाली ठेवून शांतपणे म्हणाली, "ज्याचं भेव वाटते त्याचं नाव घेऊ नाई, हे तुमीच तं सांगतलं होतं ना? मंग याईचं काहून घेऊ नाई?"

मायनं वळून माझ्याकडं पाहिलं. मी तेव्हा न्हाणीघरातली पाल जाण्याची वाट पाहत दाराबाहेर उभा होतो. "घे बाई," माय म्हणाली, "खुशाल घे."

तेव्हापासून ती घेते आहे. आमच्या घरासमोर दरी नाही, डोंगर नाही, साधी आळी आहे. विमल हाक एकदाच मारते. 'आलो' मात्र मी पाच वेळा म्हणतो.